डावीकडचे सतरा मिलिमीटर

गोटीराम पुंजाजी भामरे. जन्म ४ जून १९४७, सटाणा तालुका. निधन १९ एप्रिल २०२३, नाशिक. व्यवसाय छायाचित्रण. दुकान ‘उज्वला फोटो स्टुडिओ’, द्वारका. पत्नी रंगूबाई त्यांच्या आधी सहा वर्षे गेल्या. मागे एक कन्या, उज्वला. दुकानाला नाव तिचे होते, आता दुकानही तिचेच आहे.

हे चरित्र भामऱ्यांचे आहे. त्यात मी वारंवार आडवा येईन, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षे मी तपासणी विभागात काढली. दुसऱ्याने केलेल्या वस्तूला पट्टी लावायची आणि ती किती चुकली ते लिहून द्यायचे, हे माझे काम. कारखान्यात त्याचे वेतन मिळे. घरी तेच काम मी विनामूल्य करीत असे आणि कोणी आभार मानत नाही याचे मला नवल वाटे.

निवृत्तीनंतर मी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत हाती घेतला. दोनशे चौदा व्यक्ती, प्रत्येकीची जन्ममृत्यूची नोंद आणि तीन सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटरच्या चौकटीत एक छायाचित्र. २०२२ च्या दिवाळीपर्यंत दोनशे तेरा चौकटी भरल्या. पान त्रेसष्टवरची एक रिकामी राहिली. ती अंबूआत्याची. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. वडील फिरतीच्या नोकरीत. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेल्या या आत्याने मला वाढवले. तिचा एकही फोटो कोणाकडे नव्हता. पुण्याला, बडोद्याला पत्रे लिहिली. ज्यांना माझी पत्रे नकोशी होतात त्यांनाही लिहिली. उत्तर एकच: ती कधी कॅमेऱ्यासमोर आलीच नाही. ज्या घरात माझ्या स्लाइडरूलचेसुद्धा तीन फोटो आहेत, त्या घरात जिने मला भरवले तिचा एकही नसावा, ही गोष्ट मला झोपू देत नव्हती. छापखान्याने मार्चची मुदत दिली होती.

आता १३ मे १९७९ या दिवसाकडे जाणे भाग आहे. त्या दिवशी माझे लग्न होते आणि भामरे फोटोग्राफर होते. तेव्हा ते एकतीस वर्षांचे. वडिलांच्या कांद्याच्या वखारीत मन रमेना म्हणून नाशिकला आलेले, एका स्टुडिओत सात वर्षे डार्करूम झाडून, धुऊन काम शिकलेले आणि नुकतेच स्वतःचे दुकान थाटलेले. त्यांच्याकडे एक जपानी एसएलआर कॅमेरा होता, जुना घेतलेला. पंचवटीतल्या मंगल कार्यालयात जेवणापूर्वी सगळ्यांचा एकत्र फोटो ठरला. माझे थोरले काका सूत्रधार. कोणी कुठे उभे राहायचे हे तेच सांगत होते, आणि अंबूआत्याने फोटोत यायचे नाही हे त्यांना सांगावेसुद्धा लागले नाही. ती आपणहून खांबाकडे सरकली. मी बोहल्यावरून नुकताच उतरलो होतो. मी पाहिले आणि मला त्यात काही गैर दिसले नाही, कारण माझे लक्ष कॅमेऱ्याच्या तिपाईच्या पातळीकडे होते.

“थांबा,” मी म्हणालो. “चौकट मी तपासतो.”

भामऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. “साहेब, नवरदेव तुम्ही हायेत.”

“म्हणूनच. फोटो माझ्या घरात लागणार आहे.”

आणि मी, मुंडावळ्या बांधलेला, उपरणे सावरत, बायकोला पाटावर एकटी सोडून, त्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. मुंडावळ्या भिंगासमोर लोंबत होत्या, त्या एका हाताने बाजूला धरल्या. चष्मा मध्ये होता, त्यामुळे कोपरे दिसत नव्हते. तेही मी नाक वाकडे करून पाहून घेतले. पाहुण्यांत हशा पिकला होता असे पुढे बायकोने, शैलाने, सांगितले. मला तो ऐकू आला नाही. मी डावी कड पाहिली, उजवी पाहिली, बाहेरचे कोणी आत नाही याची खात्री केली आणि “योग्य आहे” असे म्हणून माझ्या जागी परतलो. तेवढ्यात भामरे खांबाकडे जाताना दिसले. त्यांनी आपली पिशवी तिथे कोणाच्या तरी खांद्याला दिली; मी उपरण्याची घडी नीट करीत होतो. मग ते परत आले आणि त्यांनी बटण दाबले.

आठ दिवसांनी बारा इंची फोटो घरी आला. डाव्या कडेला एक आकृती होती. बाजूने उभी, डोक्यावरून पदर, चेहरा निम्मा सावलीत, खांद्याला फोटोग्राफरची पिशवी. मी चेहरा पाहिला नाही; मी पिशवी पाहिली आणि पिशवीवरून माणूस ठरवला. कारखान्यात वस्तूला चिठ्ठी बांधलेली असते, आम्ही चिठ्ठी वाचतो. म्हणजे याने आपली मदतनीस बाई फोटोत येऊ दिली, तेही मी स्वतः चौकट मंजूर केल्यानंतर! त्याच दुपारी मी सहा मुद्द्यांचे पत्र लिहिले. चौथा मुद्दा: ‘डाव्या कडेस सतरा मिलिमीटर रुंदीत एक असंबद्ध व्यक्ती आढळते.’ सहावा मुद्दा: ‘अशा निष्काळजी हाती निगेटिव्ह ठेवणे उचित नसल्याने त्या आमच्या स्वाधीन कराव्यात.’

भामरे निगेटिव्ह घेऊन स्वतः आले. काका ओसरीवर बसले होते. भामऱ्यांनी एकदा काकांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

“साहेब, फाइंडर थोडं कमी दाखवतो. फिल्मवर जास्त येतं.”

“मग तो सदोष आहे.”

“असंल. पण ती कड राहू द्या. कापू नका.”

ते गेल्यावर मी पोलादी पट्टी लावली, ब्लेड घेतले आणि सतरा मिलिमीटर कापून काढले. कड इतकी सरळ आली की मला समाधान वाटले. तो फोटो चौकट करून दिवाणखान्यात लावला आणि तो तिथे आजतागायत, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत, होता.

यापुढे भामऱ्यांचे आणि माझे बरे जमले, हे त्यांच्या स्वभावाचे श्रेय. मला कॅमेऱ्यांचा नाद लागला आणि ते दुरुस्त करणारा भरवशाचा माणूस तेवढा एकच होता. मी दुकानात गेलो की ते कधीही त्या पत्राचा विषय काढीत नसत. दरम्यान त्यांनी द्वारकेच्या त्या गजबजाटात तीस वर्षे लग्ने, मुंजी, शाळांचे निरोपसमारंभ काढले. उड्डाणपूल झाला तेव्हा दुकानावर सावली पडली आणि पाटी दिवसाही उजळावी लागली. २००९ साली त्यांनी लग्नाची कामे अचानक बंद केली. गुडघे दुखतात असे कारण सांगितले. मग पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि काउंटरवर उज्वला.

निवृत्तीनंतर मी दर गुरुवारी अकरा वाजता तिथे जाऊ लागलो. विषय ठरलेला: जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचे आणि नव्या डिजिटल कॅमेऱ्यांचे व्ह्यूफाइंडर यांची तुलना. मी वहीत रकाने आखले होते. प्रतिमेचा आकार, उजेड, डोळा किती अंतरावरून चालतो, चष्मेवाल्यांची सोय, चौकटीचा किती भाग दिसतो. विषयांतर मला खपत नसे. त्यामुळे आत्याच्या रिकाम्या चौकटीबद्दल मी जगाला पत्रे लिहिली, पण भामऱ्यांसमोर एक शब्द काढला नाही. गुरुवारचा विषय तो नव्हता.

माझा मुलगा आल्हाद याने मला एक नवा आरसाविरहित कॅमेरा पाठवला होता. त्याच्या फाइंडरमध्ये भिंगातून आलेला उजेड दिसत नाही, एक इवलासा पडदा दिसतो. अंधारातही लख्ख, फोटो किती उजळ येणार हे आधीच कळते, आणि कडेला काही लपत नाही. मी त्यावर मोहित होतो. भामऱ्यांनी डोळा लावून बराच वेळ रस्त्याकडे पाहिले.

“टीव्ही हे हा, साहेब.”

“शंभर टक्के अचूक टीव्ही.”

“नवरी शिंकली तर यात जरा उशिरा शिंकल.”

“नवरी शिंकण्याचे प्रमाण मी नोंदवलेले नाही.”

“नोंदवा. लय शिंकतात. धूर असतो ना होमाचा.”

त्यांच्या जुन्या एसएलआरमध्ये काचेचा लोलक होता. त्यातून रस्ता मोठा, खराखुरा आणि शांत दिसे. मध्यभागी एक वर्तुळ, त्यात रिक्षाचे दोन तुकडे होत आणि भिंग फिरवले की जुळत. बटण दाबले की क्षणभर काळोख. दिसण्याच्या सुखात तो जुना कॅमेरा पुढे होता, हे मी मनातल्या मनात मान्य करीत असे. वहीत मात्र सुखासाठी रकाना नव्हता.

डिसेंबर २०२२ मध्ये मी तो कॅमेरा त्यांच्याकडून चाचणीसाठी मागून नेला. बैठकीच्या भिंतीवर एक एक सेंटिमीटरच्या रेघांचा तक्ता चिकटवला. शैला म्हणाली, “भिंतीलाही तपासायचे राहिले होते.” एक रोल काढला, फाइंडरमध्ये दिसलेल्या रेघा आणि फिल्मवर उतरलेल्या रेघा मोजल्या आणि पुढच्या गुरुवारी निकाल घेऊन हजर झालो.

“काका, कोण पास?” उज्वलाने झेरॉक्सचे झाकण लावत विचारले.

“नवा. शंभरपैकी शंभर. तुझ्या अप्पांचा, आडव्यात ब्याण्णव, उभ्यात ब्याण्णव. क्षेत्रफळाने सुमारे पंच्याऐंशी.”

“पंच्याऐंशी म्हणजे डिस्टिंक्शन हे की,” भामरे म्हणाले.

“परीक्षेत. मोजमापात नापास. आणि हे पाहा, उजवीकडे अडीच टक्के लपतात, डावीकडे साडेपाच. बारा इंची फोटोवर डाव्या कडेचे सतरा मिलिमीटर बघणाऱ्याला दिसतच नाहीत आणि कागदावर मात्र उतरतात. चाळीस वर्षांत हे तुमच्या लक्षात आले नाही?”

भामऱ्यांनी चष्मा काढून पुसला. खूश झाले की ते बोलण्यातही सटाण्याचे होत.

“सतरा. बराबर शे. मी बोटानं मोजायचो. दीड बोट.”

“म्हणजे ठाऊक होते?”

“त्याच्याकरताच तर इकला नाय. तुमच्या पत्रात पण सतराच होतं. ‘असंबद्ध व्यक्ती.’ असंबद्ध म्हंजी काय ते मी उज्वलाच्या मास्तरांना इचारलं होतं.”

“ती तुमची मदतनीस होती. तुमची पिशवी तिच्या खांद्याला होती.”

“पिशवी माझी होती,” भामरे म्हणाले. “बाई तुमची होती.”

मी वही मिटली.

मग त्यांनी सांगितले, आणि सांगताना कुठेही आवाज चढवला नाही. त्यांच्या बहिणीच्या लग्नात त्यांची आई, कुसाबाई, चुलीमागे बसून होती. नवरा गेलेला म्हणून. फोटोवाल्याने विचारलेही नाही. स्वतःचा कॅमेरा घेतला तेव्हा पहिल्याच रोलात त्यांना कळले की हा फाइंडर कमी दाखवतो. दुसरा कोणी परत केला असता. यांनी एन्लार्जरमधली, म्हणजे फोटो मोठा करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्रातली, निगेटिव्ह धरायची पत्र्याची चौकट कानशीने घासून रुंद केली, म्हणजे फिल्मवर आलेले सगळे कागदावरही उतरावे. आणि लग्नात जी कोणी खांबाशी, दाराशी, भिंतीशी सरकलेली असेल तिला ते पिशवी देत. “आत काच हे, जपून धरा, इथून हलू नका.” घरच्या कर्त्या माणसाने फाइंडरमधून पाहिले तरी त्याला ती दिसत नसे. फोटो आल्यावर कर्ता माणूस चिडला, तरी पैसे दिलेले असत आणि फोटो फाडायला कोणी धजत नसे.

“किती जणींना असे उभे केलेत?”

“मोजलं नाय. तुम्ही असता तर मोजलं असतं.”

“मग लग्ने सोडली ती गुडघ्यांमुळे नव्हे,” मी म्हणालो. इतका वेळ मी जे जे चुकीचे ओळखत आलो होतो, त्यानंतर एक तरी बरोबर ओळखावे अशी इच्छा झाली.

“डिजिटल आला,” उज्वलाने सांगितले. “मागच्या पडद्यावर लगेच बघतात सगळे. ‘ही कशाला मध्ये? दुसरा काढा.’ अप्पांना त्या बाईच्या समोर दुसरा काढावा लागायचा. दोनदा काढला, मग बंदच केलं. आता तशी गरज पण नाही लागत फारशी, अप्पा.”

“फारशी,” भामरे म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “आत्या घरात लावलेल्या फोटोत असतील ना अजून? मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, पिशवी परत घेताना. आत्या, तुम्ही आलात फोटोत.”

मी कापला आहे असे सांगितले. उज्वलाने चहा सांगितला.

घरी आलो आणि शैलाला सगळे कथन केले. ती भाजी निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

“मला माहीत होते त्या आत्या होत्या ते.”

“मग बोलली नाहीस?”

“आठ दिवसांची नवरी होते मी. तुम्ही पट्टी लावून, जीभ बाहेर काढून कापत होतात. मला वाटले, काकांना आवडले नसेल म्हणून मुद्दाम कापताय.”

“आणि त्रेचाळीस वर्षे तुला तसेच वाटत होते?”

“नंतर तुम्हाला ओळखायला लागले. मग वाटले, नसेलही. पण विचारायचे राहून गेले.”

आत्या १९९१ मध्ये गेली. तोपर्यंत बारा वर्षे दर शुक्रवारी ती दिवाणखान्यातल्या त्या फोटोची काच पुसत असे. तिला सांगितले गेले होते की ती त्यात आहे. तिने मला कधी काही विचारले नाही. नव्या कॅमेऱ्याच्या शंभर टक्क्यांवर मी जी स्तुतिपर टिपणे लिहिली होती, ती त्या रात्री वाचून पाहिली. फाइंडरने पंधरा टक्के लपवले होते हे खरे. पण माझ्या चष्म्याने, मुंडावळ्यांनी आणि माझ्या स्वभावाने मिळून किती लपवले, त्याची चाचणी घेण्यास मी कधी तक्ता चिकटवला नव्हता.

आता माझ्या पत्राच्या सहाव्या मुद्द्याबद्दल. सहापैकी पाच मुद्दे मूर्खपणाचे होते. सहाव्याचा हेतूही मूर्खपणाचाच होता, परंतु त्याचा परिणाम असा की निगेटिव्ह माझ्याकडे होत्या. कपाट दोन, फाइल सात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह. २०११ मध्ये मी त्या एका दुकानात स्कॅन करून घेतल्या होत्या. पण तिथल्या यंत्राची चौकटही कड गिळणारी निघाली, त्यामुळे संगणकावरही आत्या नव्हती. मी निगेटिव्हची पट्टी काढून खिडकीशी उजेडात धरली. कडेला एक बारीक आकृती होती. निगेटिव्हमध्ये उजेडाचे काळे होते, म्हणून तिचे फिकट लुगडे काळेभोर दिसत होते.

भामऱ्यांनी माळ्यावरून एन्लार्जर उतरवला. चौदा वर्षे तो बंद होता. कागद मुंबईहून मागवावा लागला, रसायने उज्वलाने मिळवली. जानेवारीत एका दुपारी दुकानामागच्या खोलीत लाल दिवा लागला. मला आत येण्याची परवानगी मिळाली, पण अट घातली गेली.

“मोजायचं नाय,” भामरे म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून फोकस उज्वलाने जुळवला. कागद ट्रेमध्ये हलत होता आणि त्यावर आधी खांब आला, मग काका, मग मी, ताठ, प्रमाणपत्र दिल्यासारखा चेहरा. शेवटी पिशवी आली आणि तिच्यामागे आत्या. ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती आणि पिशवी दोन्ही हातांनी जपून धरली होती, आत काच असल्यासारखी. भामरे म्हणाले, “पिशवीत काच नव्हती साहेब. माझा डबा होता.”

पान त्रेसष्टसाठी तिला त्या फोटोतून वेगळी काढणे मला शक्य झाले नाही. पुन्हा पट्टी, पुन्हा ब्लेड. म्हणून तो संपूर्ण फोटो पानभर छापायचा ठरवले. दोनशे चौदा व्यक्तींच्या त्या शिस्तबद्ध ग्रंथातले तेवढे एकच पान बेशिस्त आहे. छापखान्यात पान लावणारी पायल नावाची मुलगी होती. ती म्हणाली, “काका, कडेचे तीन एमएम कटिंगला जातात, टेन्शन नका घेऊ.” मी टेन्शन घेतले. दोन दिवस कटिंगच्या यंत्राशी स्टुलावर पट्टी घेऊन बसलो. शेवटी तिने फोटो लहान करून चारी बाजूंना पांढरी जागा सोडली आणि विचारले, “आता जाल का घरी?”

एवढे झाल्यावर भामऱ्यांना एक पत्र देणे माझे कर्तव्य होते. विषय: दि. २१ मे १९७९ ची तक्रार मागे घेण्याबाबत. पहिला मसुदा मला फार भावनाप्रधान वाटला. दुसऱ्यात मुद्द्यांचा क्रम चुकला होता. तिसऱ्यात ‘असंबद्ध’ या शब्दाबद्दल स्वतंत्र परिच्छेद असावा की तळटीप, यावर मी नऊ दिवस घालवले. त्या नऊ दिवसांतल्या सातव्या दिवशी भामरे गेले. सकाळी दुकान उघडले, पाटी उजळली आणि खुर्चीत बसले ते तसेच.

दशक्रियेनंतर पत्र उज्वलाला दिले. तिने उभ्यानेच वाचले आणि गल्ल्यामागून एक प्लास्टिकचे पाकीट काढले. त्यात माझे १९७९ चे पत्र होते, सहाही मुद्द्यांसह. एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ. नवे पत्र तिने त्याच पाकिटात घातले.

“पोच देऊ का, काका? तुम्हाला लागते ना.”

तिने स्टुडिओचा शिक्का मारून तारीख घातली. पोच फाइल सातमध्ये आहे. कुलवृत्तांताची एक प्रत तिला दिली. पान त्रेसष्टखाली छायाचित्रकाराचे नाव पूर्ण छापले आहे. दिवाणखान्यात आता पूर्ण फोटो आहे. जुनी चौकट त्याला अपुरी पडली, नवी करून घ्यावी लागली. शुक्रवारी तिची काच मी पुसतो.

एवढे मिटले. माझ्या तक्रारवहीत त्या नोंदीपुढे ‘तक्रारदाराचे समाधान झाले काय’ या रकान्यात मी ‘होय’ लिहिले आहे. त्याच्या आधी एक रकाना आहे: ‘ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचे म्हणणे’. तो चव्वेचाळीस वर्षे कोरा होता, कारण मी विचारले नव्हते. गुरुवारी, लाल दिव्याखाली, चहा पिताना ते जे बोलले ते मला आठवते, पण ते माझ्या अक्षरात लिहिणे नियमाला धरून होणार नाही. तो रकाना कोराच आहे.